भाकरीची घाई

मरोळ गावठाणातला कोरियांचा क्रूस कोणी बांधला असं विचारलं, तर जितकी तोंडं तितके गवंडी. पण पेद्रू कोरिया सांगायचा ती हकिगत सगळ्यांत वजनदार. त्याच्या म्हणण्याप्रमाणे प्लेगाच्या साली पणजोबा झुझे यांनी हा क्रूस एका दिवसात उभा केला, आणि संध्याकाळचं पहिलं ‘आमच्या बापा’ म्हणून होतंय तोवर गावातले झाडून सगळे उंदीर रांगेनं बाहेर पडले, क्रूसाला वळसा घालून साकीनाक्याकडे चालते झाले. साकीनाक्याचे लोक मरोळकरांशी अजून तिरके वागतात ते उगाच नाही. पेद्रूच्या गोष्टीतले उंदीर निम्मे करून घ्यायचे, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. रांगेबद्दल मात्र कोणी शंका घेत नसे.

तेव्हापासून मे महिन्यात, माऊलीच्या महिन्यात, रोज संध्याकाळी क्रूसाशी रोझरी व्हायची. रोज एका घराची पाळी. शेवटची संध्याकाळ कोरियांची, आणि त्या दिवशी प्रार्थना पुढे म्हणायची ती घरातल्या थोरल्या बाईनं. सासूनं मरताना नातालीनबायच्या हवाली दोनच गोष्टी केल्या होत्या. एक, बाटल्यांत भरायच्या मसाल्याचं प्रमाण, आणि दुसरी ही संध्याकाळ. मसाल्यात नातालीनबायनं पुढे थोडी मिरची कमी केली. संध्याकाळीत काडीचाही फरक केला नाही.

रोझरीत दहा-दहा मण्यांची पाच दशकं, दर दशकाच्या तोंडाशी एक ‘आमच्या बापा’. रीत अशी, की प्रार्थना वाटून घ्यायची. पुढारीण अर्धी म्हणते, उरलेली अर्धी गाव उचलतं. ‘आमच्या बापा’त पुढारणीचा भाग ‘तुझी इच्छा जशी स्वर्गात तशी पृथ्वीवर पूर्ण होवो’ इथं संपतो. तिनं श्वास घेतला की गाव ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ इथून धरतं. नातालीनबायचा धाकटा मुलगा बोना, त्याला हा श्वास कधी दिसलाच नाही. रोझरीनंतर वाटायच्या उकडलेल्या चण्यांचं पातेलं समोर वाफाळत असायचं. आय ‘तुझी इच्छा’ म्हणते न म्हणते तोच हा मागून ‘आमची रोजची भाकर’ करून सुटायचा, तेही वरच्या पट्टीत, आणि सगळं गाव त्याच्यामागे फरपटत जायचं. लहानपणी लोक हसले. पुढे हा बाप्या एका कंपनीत टर्नर झाला, गोराईची बायको करून आणली, कपाळ मागे सरकू लागलं, तरी भाकरीची घाई तीच. फादर एकदा म्हणाले होते, बोनावेंतुरा, तू स्वर्गात पोचशील तेव्हा संत पीटरला कुलूप काढायला तरी सवड दे.

ती सवड बोनानं दिली नाही. पंच्याऐंशीच्या पावसात त्याला कावीळ झाली आणि वांद्र्याला मोतमाऊलीची जत्रा भरायच्या आत तो गेला.

नातालीनबायनं काळं नेसलं. देवळातली एकही मिस्सा चुकवली नाही. लोक म्हणाले, काय बाईची श्रद्धा. लोकांना बाकावर बसलेली बाई दिसते, एवढंच. देवळात शेकडो माणसं एका सुरात ‘आमच्या बापा’ म्हणत असताना एक तोंड मध्येच मिटलं, तर त्या आवाजाला भोक पडत नाही. ‘तुझं राज्य येवो’पर्यंत ती सगळ्यांबरोबर यायची. मग गप्प व्हायची, समोरच्या बाईच्या अंबाड्याकडे बघत राहायची, आणि पुढे ‘आम्हाला क्षमा कर’च्या आसपास कुठेतरी परत घोळक्यात शिरायची. चालत्या बसमधून उतरून पुढच्या थांब्यावर तीच बस पकडावी तसं. हे कळलं होतं एकट्या फ्लोरीला, बोनाच्या बायकोला, कारण ती रोज नातालीनबायच्या शेजारीच बसायची. तिनं कधी विचारलं नाही, नातालीनबायनं सांगितलं नाही.

पण घोळक्यात जे लपतं ते पुढे बसून लपत नाही. मेची शेवटची संध्याकाळ उजाडली, म्हणजे सकाळच उजाडली, आणि नातालीनबायनं जाहीर केलं की आपला घसा बसलाय, यंदा आपल्याच्यानं होणार नाही.

घशाचं हे निमित्त जेमतेम तासभर टिकलं. थोरला सायमन गोळ्या आणायला निघाला तर अख्ख्या गल्लीनं त्याला सांगितलं, की तुझी आय आत्ताच वेसाव्याच्या सोनूबाईशी मांदेलीवरून भांडत होती, आणि ते आम्हाला दार लावून ऐकू आलं. भांडली होतीच ती. गल्लीला ऐकू गेलं नाही ते एवढंच, की भाव करता करता नातालीनबायनं मध्येच आवाज उतरवून विचारलं होतं, सोनूबाय, भाऊ समुद्रात गेल्यावर तू एकवीरेला गेलीस काय गं. सोनूबाईनं मासळीवरचं फडकं सारखं केलं. ‘जाते की,’ ती म्हणाली. ‘पन दोन वर्सं पाया नाय परले. नुसती समोर बसून आले. तिला बी कलू दे.’ आणि पुढच्याच दमात तिनं मांदेलीचा भाव पूर्ववत केला.

दुपारी घर भरलं. अंगणात चटयांवर मसाल्याच्या मिरच्या वाळत पडल्या होत्या, त्यामुळे त्या दिवशीची सगळी चर्चा शिंका देत देत झाली. वांद्र्याहून लेक ग्रेसी आली, आणि ती एकटी राहणार नव्हती. तिच्या प्रार्थनागटातली चार माणसं संध्याकाळी येणार होती, गिटार घेऊन. ग्रेसीचं म्हणणं असं, की आयचा घसा बसलेला नाही, आयचा विश्वास बसलाय. क्रूसासमोर तिला मध्ये बसवायचं, सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, आतली जखम उघडी पडून भरून येते. हे ती वरवर बोलत नव्हती. बोनाच्या मातीनंतर महिनाभर तिच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता, आणि त्या गटातल्या गाण्यांनीच तिला ताटावर बसवलं होतं. पण उपकार झाले की माणूस औषधाची बाटली घेऊन गावभर फिरतो, तसं तिचं झालं होतं.

सायमन आधी तिच्या बाजूचा होता. कोणीही म्हणा, पण कोरियांची पाळी चुकली असं गावानं म्हणता कामा नये, एवढीच त्याची काळजी. गिटारचं नाव निघालं तसा तो हळूहळू पेद्रूकाकाच्या बाजूला सरकला.

पेद्रूकाका इस्त्रीचा शर्ट घालूनच आला होता. तो बोटीवर भंडारी होता, आयुष्यभर खलाशांना शिजवून घातलेलं, आणि दर बंदराची एक गोष्ट त्याच्याजवळ शिल्लक होती.

‘वयनी, मीच म्हणतो,’ तो म्हणाला. ‘एडनच्या धक्क्यावर म्हटलीय मी रोझरी. कप्तान मुसलमान, तो पण गुडघे टेकून बसला. समुद्र असा थांबला, लाटेचं पाणी वरच्या वर.’

‘तू म्हणशील तर दुसऱ्या दशकात उंदीर येतील,’ नातालीनबाय म्हणाली.

सायमन हसला, पेद्रूही हसला, ग्रेसी हसली नाही. तिला वाटलं, सगळे मिळून मूळ गोष्ट उडवून लावतायत. ती फ्लोरीकडे वळली. फ्लोरी उंबऱ्याशी बसून भिजलेले चणे निवडत होती. ग्रेसी रागानं नाही, अगदी समजुतीच्या सुरात बोलली, आणि तेच जास्त लागलं. दोन काळी लुगडी एका घरात दिवसभर एकमेकींसमोर बसणार, मग दोघींपैकी कोणीतरी उभं राहणार कसं, असं ती म्हणाली. फ्लोरीनं गोराईला आईकडे जावं. वय आहे. सायमननं मान खाली घातली, म्हणजे हे बोलणं त्याच्याशी आधी झालेलं होतं. पेद्रूनं शिंक आल्यासारखं केलं, पण ती आली नाही.

फ्लोरीचा हात चण्यांत थांबला. ती कोणाकडे बघत नव्हती.

नातालीनबाय उठली. गुडघ्यांनी कुरकुर केली तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. ‘फ्लोरी कुठं जायची नाय,’ ती म्हणाली. ‘आणि संध्याकाळी कोणी कोणाच्या डोक्यावर हात ठेवायचा नाय. मीच म्हणेन.’

रागाच्या भरात माणूस काय काय कबूल करतो. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तिचा राग उतरला आणि दिलेला शब्द तेवढा उरला. चुलीवर चण्यांचं आधण ठेवलेलं होतं. मागोमाग फ्लोरी आली, चणे पातेल्यात ओतले, मीठ टाकलं. मग इतकंच विचारलं, की आय, त्या ओळीला काय होतं तुला.

नातालीनबायनं बाहेरचा कानोसा घेतला. ओटीवर पेद्रू समुद्र परत सोडत होता.

‘तू हॉस्पिटलात बोनाजवळ होतीस,’ ती म्हणाली. ‘मी वांद्र्याला माऊलीकडे गेले. मेणाचं वाहायला. ज्याला जे दुखतं ते वाहायचं ना, पाय दुखला पाय, डोकं दुखलं डोकं. मी मेणवालीला म्हटलं, यकृत दे. तिच्याकडे हात होते, पाय होते, पाळणे होते, दुबईला जाणाऱ्यांसाठी विमान पण होतं. यकृत नव्हतं. माझ्यामागे रांग. मी म्हटलं, अख्खा माणूस दे. अख्ख्या माणसात यकृत आलंच.’

‘मग?’

‘मग काय. अख्खा माणूस वाहिला, अख्खा माणूस घेतला.’

पातेल्यात पाणी उकळू लागलं होतं. नातालीनबाय त्याच्याकडे बघत हळू बोलत राहिली. तुझी इच्छा म्हणू, तर बोनाला देवानं नेला, आणि मी त्याला चांगलं केलंस म्हणते. त्याची इच्छा नव्हती म्हणू, तर मग मीच नेला, मेणाच्या दुकानातून. कुठल्या बाजूनं म्हणू मी ती ओळ. म्हटली की मना वाटतं सही केली. इतकी वर्षं म्हटली, तेव्हा कागद कोरा होता.

फ्लोरी चणे ढवळत राहिली. उकडताना चणे ढवळायचे नसतात, हे तिला चांगलं माहीत होतं.

‘आय,’ ती म्हणाली, ‘ती बाई रोजचे किती अख्खे माणूस विकत असेल. सगळेच नेले असते तर वांद्र्याला खोल्या ओस पडल्या असत्या. ग्रेसीबायला पागडी द्यावी लागली नसती.’

नातालीनबायला हसू फुटलं. वर्षात पहिल्यांदा. आणि ते हसू जिथून बाहेर पडलं त्याच वाटेनं, मागोमाग, दुसरंही बाहेर पडलं. फ्लोरीनं ढवळणं सोडून तिचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं. ओटीवरून सायमननं विचारलं, चणे झाले काय. फ्लोरीनं आतूनच सांगितलं, की मिरची डोळ्यांत गेलीय, थांब.

डोळे पुसून झाल्यावर नातालीनबाय म्हणाली, ‘विमान येईल.’

मरोळावरून विमानं इतकी खालून जातात, की पेद्रू पैजेवर सांगायचा, आजच्या वैमानिकानं दाढी केलीय की नाही. विमान डोक्यावर आलं की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. नातालीनबायनं दुपारभर हाच हिशेब मनात मांडला होता, की रोझरीच्या वेळेला विमानं जातात, नेमक्या त्या ओळीला एक आलं की भागलं.

‘आमच्या बापा पाचदा आहे, आय,’ फ्लोरी म्हणाली. ‘पाचही विमानं?’

‘त्याच्या मनात असलं तर,’ नातालीनबाय म्हणाली, आणि आपण काय म्हणालो हे तिचं तिलाच ऐकू आलं.

संध्याकाळी क्रूसाला नवा चुना दिसत होता आणि गळ्यात मोगऱ्याच्या माळा. काशीराम मंडपवाल्यानं दोन ट्यूबलायटी लावून दिल्या होत्या. लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या पुढे चटयांवर, सुना-लेकी मागे, पुरुष भिंतीला टेकून. औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांचा भोंगा झाला तसे घरी निघालेले दोघं-तिघं कामगारही डबा हातात घेऊन उभे राहिले, त्यांत बौद्धवाडीतला अंबादास होता, तो बोनाच्या शेजारच्या मशिनवर असायचा. ग्रेसीची माणसं गिटार पिशवीतच ठेवून अगदी कडेला बसली होती. आणि मध्ये चण्यांचं पातेलं, फडक्यानं झाकलेलं.

नातालीनबायनं गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली आणि सुरुवात केली. आवाज लागला, स्वच्छ लागला. सायमनचे खांदे खाली आले. पहिल्या ‘आमच्या बापा’शी पोचली तेव्हा तिनं कान आभाळाकडे लावले. आभाळ मोकळं होतं. ‘तुझं नाव पवित्र मानलं जावो’ हे तिनं सावकाश म्हटलं. ‘तुझं राज्य येवो’ तर इतकं ताणलं, की तेवढ्या वेळात एखादं लहानसं राज्य खरंच येऊन गेलं असतं. घुर्रर्र कुठेच नाही. पेद्रूच्या कोंबड्यांचा आवाज तेवढा.

‘तुझी इच्छा,’ ती म्हणाली.

आणि थांबली.

गाव तिच्या श्वासाची वाट बघत होतं. मेणबत्तीवर एक किडा जळाला, त्याचा चर्र आवाज मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला. मागे कोणीतरी खाकरलं. सायमननं डोळे मिटले. ग्रेसी अर्धी उठली, तिचे हात तिच्याही नकळत पुढे झाले होते. नातालीनबायला वाटलं, उठावं आणि घरी जावं. पण गुडघे टेकलेल्या बाईला चटकन उठता येत नाही, कोणीतरी हात द्यावा लागतो, आणि हात मागायचा तरी तोंड उघडावं लागतं. मग ती तशीच राहिली, मणी बोटात धरून. म्हणायचं नव्हतं, आणि जायचंही नव्हतं. सोनूबाई तिच्या देवीसमोर अशीच बसली असेल काय, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं.

‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे!’

आवाज मागून आला. वरच्या पट्टीत, बेसूर, आणि भलताच लवकर. फ्लोरीचा होता. जी बाई वर्षभर चारचौघांत कुजबुजीच्या वर बोलली नव्हती, तिनं पातेल्याकडे नजर लावून, भुकेलेल्या माणसासारखी, भाकर मागितली होती.

क्षणभर गाव भांबावलं. मग भिंतीपाशी अंबादासनं नाक ओढलं, हसला की काय कोण जाणे. त्याला प्रार्थना येत नव्हती, पण ही घाई त्यानं कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीला पुष्कळ बघितली होती. पेद्रूनं ‘आणि आमची पापं’ असं मोठ्यानं धरलं, आणि मग सगळं गाव, जसं दरवर्षी जायचं तसं, फरपटत मागे गेलं.

दुसऱ्या वेळी नातालीनबाय ‘तुझी इच्छा’वर आली तेव्हा फ्लोरीबरोबर पेद्रू होता आणि ग्रेसी होती. ग्रेसीचा आवाज कसलेला, तो वर जाऊन फ्लोरीचा बेसूर झाकून बसला. तिसऱ्या वेळी अख्खी गल्ली तिच्या शब्दावर चढली. म्हाताऱ्यासुद्धा, ज्यांनी बोनाला याच गोष्टीवरून कितीदा चिमटे काढले होते. नातालीनबाय त्या कलकलाटाखाली बसून होती. तिला आठवू लागलं. ही ओळ आपण या क्रूसाशी शेवटची पुरी कधी म्हटली. बोना बोलायला लागल्यापासून कधीच नाही. म्हणत होतो आपण, पण ऐकली कोणी. इतकी वर्षं ती त्याच्या भाकरीखालीच राहिली होती, आणि गावाचं किंवा देवाचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. आता त्या आवाजाखाली तिच्याकडे कोणी काही मागत नव्हतं. सहीचा कागद कोणी पुढे करत नव्हतं. ती गप्प राहिली तरी प्रार्थना पुढे जात होती, आणि तिला बरोबर घेऊन जात होती.

पाचव्या वेळी विमान आलं. इतका वेळ कुठे होतं कोण जाणे, पण आलं ते थेट डोक्यावर, मोगऱ्याच्या माळा हलवत. एकीकडे विमान, एकीकडे गावाची भाकर. त्या गदारोळात नातालीनबायचे ओठ हलले. ती ओळ तिनं म्हटली, की त्याला चार शब्द सुनावले, की नुसतं बोनाचं नाव घेतलं, हे कोणाला कळलं नाही. पेद्रू पुढे मरेपर्यंत सांगायचा की आपण ऐकलं, अक्षर न् अक्षर ऐकलं, आणि वैमानिकानं दाढी केलेली नव्हती. त्यातलं निम्मं करून घ्यायचं.

रोझरी संपली. सायमननं आयला हात देऊन उठवलं आणि तो हात बराच वेळ सोडला नाही. ग्रेसीनं पिशवीतली गिटार बाहेर काढू दिली, आणि कोणी नको म्हटलं नाही. मग पातेल्यावरचं फडकं निघालं. पहिला वाडगा दरवर्षी बोना उचलायचा, त्याच्याआधी हात घालायची गावात कोणाची छाती नव्हती. यंदा लोक पातेल्याभोवती उभे राहिले, पण पुढे कोणी होईना.

नातालीनबायनं वाडगा भरला. काठोकाठ, वर शीग लावून. माणसांतून वाट काढत ती मागे गेली आणि फ्लोरीपुढे तो धरला.

‘घे,’ ती म्हणाली. ‘तुना भूक लागली होती ना.’